निळ्या कापडासमोर

खानापुरात स्टेशन रोडला माझा फोटो स्टुडिओ.
पूर्वी इथं पासपोर्टचे फोटो निघायचे,
स्थळांना पाठवायचे,
बाळांचे, खुळखुळा वाजवून वाजवून हात दुखेपर्यंत.
मोबाइलनं ते सगळं नेलं
आणि बदल्यात हे दिलं :
तासाला शंभर रुपये,
निळं कापड, दोन दिवे, बऱ्यापैकी नेट,
कोट हवा तर वीस रुपये वेगळे.

कोट तीनच. कुणाच्याच मापाचे नाहीत.
पाठीमागं मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो.
कंपनीला पाठ दिसत नाही.

मुलाखत घेणारं कुणी नसतं.
पडद्यावर प्रश्न उमटतो, खाली आकडा पळू लागतो,
तीस सेकंद विचाराला, नव्वद बोलायला.
पुन्हा घेता येत नाही.
नंदगडची पोरं, जांबोटीच्या पोरी
पाठ करून आलेलं धडाधडा म्हणतात
आणि शेवटचे वीस सेकंद उरले की
त्यांचं काय करावं ते कळेना,
नुसती हसत राहतात.
मी दिव्यामागं उभा.
तीस वर्षं मी सांगत आलो, हनुवटी खाली, डोळे मिटू नका.
आता गप्प राहायचे पैसे मिळतात.

लुमाण्णा कुंभार आला गेल्या महिन्यात.
वय एकोणपन्नास. कौलांच्या कारखान्यात भट्टीवर अठ्ठावीस वर्षं,
मग कारखान्याला कुलूप.
आता बेळगावात उद्यमबागेत रात्रपाळीच्या सुपरवायझरची जागा.
फॉर्म भाचीनं भरलेला.
भाषा निवडा, असं आलं : इंग्रजी, हिंदी, कन्नड.
त्यानं यादी एकदा खाली सरकवली, एकदा वर,
मग कन्नडवर बोट ठेवलं, काही न बोलता.
कन्नड चांगलं आहे त्याचं.
भट्टीवर निम्मी माणसं बैलहोंगलची होती.

तांबडा ठिपका लागला.
लुमाण्णा उठून उभा राहिला.
चेहरा चौकटीबाहेर गेला, उरली कोटाची बटणं.
बटणांपुढं हात जोडून
म्हणाला, नमस्कार.
आणि थांबला.

ऐंशी. चौऱ्याहत्तर.
समोरच्यानं उलट नमस्कार करायच्या आत खाली बसायचं,
हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.
सदुसष्ट.
मी दिव्यामागून म्हणालो, नमस्कार.
दोन्ही भाषांत शब्द एकच, म्हणून बरं.

मग तो बसला. खांदे सैल झाले, एक चिमटा निसटला.
प्रश्न अडचणीच्या प्रसंगाचा होता.
सांगू लागला : ताप मोजायचा काटा बिघडला एकदा,
आत चाळीस हजार कौलं,
मग आगीचा रंगच बघायचा,
तांबडी असेल तर थांब, केशरी असेल तरी थांब,
मग एक रंग येतो, त्याला
(इथं कन्नड सुटलं त्याच्या हातून)
त्याला नाव न्हाई ओ,
पिकल्या फणसाचा गरा बगा, तसा,
तो दिसला की झडप

पडदा म्हणाला, धन्यवाद.

लोंढ्याची गाडी शिट्टी मारत गेली ती नंतर. तेवढं नशीब.

खोलीत दुसरं कुणी असू नये, असं नियमांत होतं,
मीच वाचून दाखवलेलं त्याला.
माझा एक शब्द आता त्याच्या नावावर
कुठल्या तरी गावी ऐकला जाणार.
कोण ऐकणार, की कुणीच नाही, कुणाला ठाऊक.

बाजारादिवशी आला, पिशवीतून सुक्या मासळीचा वास.
कोटाचे पैसे द्यायचे राहिले होते.
काही कळलं का, मी विचारलं.
न्हाई. मेल भाचीकडं येतंय म्हणे.
"पन मानूस बरा वाटला ओ,
उलटा नमस्कार तरी केला त्यानं.
आपल्याकडचाच असनार. आवाजावरनं."

मी गल्ल्यात सुट्टे शोधत राहिलो.
वीसचीच नोट होती ती,
परत द्यायचं काही नव्हतं.