तुरिलच्या खाली

माझं दिवसाचं काम दगडांचं.
नझूल कार्यालयात, खिडकीशेजारचं टेबल,
चांदा कुठे, मुनारा कुठे,
रात्रीतून कोणी हद्दीची खूण चार हात सरकवली –
अठ्ठावीस वर्षं हेच.
बिंदू म्हटला की तिथे कोणीतरी उभं असायचंच,
हातात कागद आणि आवाज चढलेला.

रात्री जेवणं झाली की निनाद हाक मारतो,
"मावशी, दिवे सांगायला ये."
ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा
त्याला तपासणीत दिसला नाही.
डॉक्टरांनी पान उलटलं, मग अजून एक,
मग पुस्तकच मिटलं.
तेव्हापासून त्याचं विमान सुदामानगरात, दुसऱ्या मजल्यावर,
जुन्या डायनिंग टेबलाला शिकंजाने आवळलेलं.
धावपट्टीशेजारी चार दिवे असतात.
दोन लाल, दोन पांढरे म्हणजे उतार बरोबर.
ते मी सांगते.

पण नकाशा काळा-पांढराच असतो.
तिथे आम्ही बरोबरीचे.

गडोप, विमसो, तुरिल.
मी विचारलं, कुठली गावं ही?
तो हसला. गावं नाहीत,
इंग्रजी पाच अक्षरं, तोंडात बसतील अशी जुळवलेली,
रेडिओवर खरखरीतही ऐकू यावीत म्हणून.
तिथे काही नसतं, मावशी.
अमुक अक्षांश, तमुक रेखांश,
मैल इतके, कोन इतका.
आकड्याखाली रेघ म्हणजे याच्या खाली जायचं नाही.
आकड्यावर रेघ म्हणजे वर जायचं नाही.
दोन्हीकडे रेघ असली तर नेमकं तेवढंच,
वाद नाही.
खुणेभोवती वर्तुळ असेल तर थेट डोक्यावरून जायचं,
नसेल तर आधीच वळायला सुरुवात,
कोपरा कापला तरी चालतो.

कोपरा कापला तरी चालतो!
माझ्या कार्यालयात एका कोपऱ्यावरून
दोन सख्खे भाऊ एकोणीस वर्षं बोलले नव्हते.

रविवारी मी स्कूटर काढली.
हातोद मागे टाकून बेटम्याच्या बाजूला,
मागे निनाद, मोबाइलवर आकडे बघत:
अजून, अजून, थोडं डावीकडे, थांब.
तुरिल.
साडेतीन हजार फूट, खाली रेघ.
इथून शेवटचा उतार सुरू.

लसणाचं शेत होतं.
पाण्याची मोटर, तिच्यावर वाळत टाकलेला टॉवेल,
आणि बांधावरून एक माणूस लगबगीने येत होता.
"कईं नापी रिया हो? सडक आवेगी?"
नाही हो, मी म्हटलं, जमिनीचं काही नाही,
वरचं बघतोय.
त्याने वर पाहिलं.
आम्हीही पाहिलं, आता तेच उरलं होतं.
एक घार होती, तीही जरा बाजूला.
"इत्तो ऊपर तक म्हारो ई हे?"
एवढ्या वर्षांच्या नोकरीत
हा अर्ज माझ्याकडे आलेला नव्हता.
त्याने जाताना मूठभर लसूण दिला, ओला,
स्कूटरच्या डिकीला अजून वास आहे.

काल रात्री त्याने पडद्यावर धुकं लावलं,
जानेवारीचं, आमच्याकडचंच.
गडोप झालं. विमसो झालं.
तुरिलवर चाकं खाली, आवाज बदलला.
दोन हजार सातशे. सहाशे. पाचशे.
"दिवे?"
नाहीत.
चारशे.
"मावशी, दिवे?"
लाल नाही, पांढरे नाहीत,
नुसतं दूध.
मला वाटलं तो अजून थोडा वाट बघेल.
नाही बघितली. जोर लावला, नाक उचललं,
नकाशात आधीच लिहून ठेवलेल्या वाटेने
सरळ वर, मग उजवीकडे,
पुन्हा गडोपला.
चेहऱ्यावर काही नव्हतं त्याच्या.
जागा ठरलेली असली की परत फिरणं
एवढं सोपं होत असेल?

वळताना खाली धुकं फाटलं क्षणभर
आणि ते शेत दिसलं. म्हणजे, शेत नाही,
तपकिरी चौकोन, शेजारच्या शंभर चौकोनांसारखा.
लसूण नाही. मोटर नाही.
टॉवेल तर नाहीच.
निनाद म्हणाला, "परत एकदा?"
मी खुर्ची पुढे ओढली.