एकशे एकोणचाळिसावा

मोफज्जल माझीला होडीतून उचलून आणलं तेव्हा
दिवसभर धुणं धुतल्यासारखी त्याची बोटं सुरकुतली होती,
डोळे खोबणीत, आवाज फाटका,
आणि तरी तो माझ्याशी वाद घालत होता.

"मला पटकी होणारच नाही, जोहुरा.
होऊन गेलीय. युद्धाच्या साली, सीमेपलीकडच्या छावणीत.
ओलाबीबी एकदा ज्या घरी जेवून गेली
तिथं ती पुन्हा पाटावर बसत नाही."

त्याचं खोटं नव्हतं.
आमच्या रजिस्टरातही तसंच होतं.
खाटेवर पोरं असायची, दोन वर्षांची, तीन वर्षांची,
आणि म्हातारी माणसं उशाशी बसून
ताडाच्या पंख्यानं वारा घालायची.
त्या पौषात पोरं वारा घालत होती.

खाटेला मधोमध भोक, खाली बादली,
बादलीत खुणा केलेली काठी.
तांदळाचं धुवण जावं तसं पाणी,
तासाला लिटर, कधी दीड.
जेवढं खाली गेलं तेवढं वरून घालायचं.
हिशेब दुसरीतलं पोर करील इतका सोपा,
चुकला की माणूस जातो.

माझं काम पलीकडे, पत्र्याच्या खोलीत.
रात्रभर उबेत ठेवलेल्या बशीवर
सकाळी पिवळे ठिपके, मोहरीएवढे, तकतकीत.
मग काचपट्टी. सीरमचा थेंब.
तारेच्या टोकावरून उचललेला एक ठिपका त्यात कालवायचा
आणि सूप पाखडताना हलवतात तशी पट्टी हलवायची,
पण हळू.
वीस मोजेपर्यंत दूध नासावं तसे दाणे धरतात.
म्हणजे थेंब म्हणतो: हो, हा आपल्या ओळखीतला.

दाणे धरले नाहीत.

दुसरी पट्टी. तिसरी.
सीरम शिळं असेल म्हणून नवी कुपी फोडली.
तापसबाबू म्हणाले, हात धू, पुन्हा कर.
हात धुतले, पुन्हा केलं.
थेंब गढूळच्या गढूळ.
परगावच्या माणसाला रस्ता विचारावा
आणि त्यानं नुसतं बघत राहावं, तसा.

वहीत लिहिलं: पटकी नाही.
खिडकीबाहेर बादली बदलत होते.

पुढे ढाक्याहून, मग त्याहून लांबून कळलं.
जगाच्या यादीत तोवर एकशे अडतीस होते,
हा त्यानंतरचा.
विष तेच. फक्त अंगावरचा अंगरखा नवा,
कुठल्या खाडीत, कुठल्या शेजाऱ्याकडून
उसना घेतलेला, कोण जाणे.
आमची सीरमं, आमची जुनी रक्तं
अंगरखा बघूनच ओळखत होती, चेहरा
कुणी पाहिलाच नव्हता.

तोवर तो पुढे गेलाही होता.
कोळंबीच्या टोपल्यांतून, बर्फातून, लग्नाच्या सरबतातून.
आणि जहाजाच्या पोटात तोलासाठी भरलेल्या पाण्याला
कुठल्याच बंदरात पासपोर्ट विचारत नाहीत.

मोफज्जल वाचला. चौथ्या दिवशी
मिठासाखरेच्या पाण्याला नावं ठेवत उठून बसला.
"मग काय होतं ते?"
म्हटलं, तिचीच कुणी बहीण. आजवर न आलेली.
तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
"सात बहिणी," म्हणाला, "आम्हाला सातच सांगितल्या होत्या."

वही अजून आहे माझ्याकडे, वाळवीनं कडा खाल्लेली.
प्रयोगशाळेत खोडरबर चालत नाही.
चुकीवर एकच रेघ मारायची, सही करायची;
खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम.
त्या पानावर माझ्या अकरा सह्या आहेत.
खालचं वाचता येतं.