टप्पा तिसरा, अंदाजे

आधी शेवट काढायचा असतो.
खाण कुठवर जाईल, किती खोल,
आणि आपण सगळे निघून गेल्यावर
पाणी कोणत्या रेषेला थांबेल,
ते आधी. मग सुरुवात.
नियमच तसा आहे.

म्हणून कंधारच्या अलीकडं, धोंडमाळावर,
बिराजदारांच्या बोलेरोच्या बॉनेटवर पोतं,
पोत्यावर कागद, चारी कोपऱ्यांना चार दगड,
आणि पंधरा वर्षांनंतरचं एक तळं
मी निळ्या पेन्सिलीनं भरतेय.
अजून तिथं तरवड उभा आहे, पिवळा,
आणि बोरीला बांधलेली कुणाची तरी शेळी.

वरची माती वीतभर. तीही सलग नाही.
ती वेगळी खरवडायची, वेगळी रचायची,
मुरमात मिसळू द्यायची नाही.
ढिगावर ताग पेरायचा, म्हणजे जीव धरून राहील
सहा-सात वर्षं, ताटकळत,
आपल्याच जागी परत जायला.
बिराजदार हिशेब करतात: एवढ्या मातीची ने-आण,
दोन वेळा, डिझेल धरून.
"म्हणजे मातीलाबी जागेचं भाडं," म्हणतात.
हसतात. मीही हसते. रकाना भरते.

पहिला टप्पा पूर्वेला, जुन्या खदानीला लागून.
सहा मीटरची पायरी, तिच्याखाली आणखी एक.
दुसरा उत्तरेला, म्हणजे त्याचा मुरूम
पहिल्याच्या पोटात जाईल.
कागदावर हे फार सुरेख दिसतं:
खड्डा पुढं सरकतो,
मागून जमीन चालत येते.

तिम्मा धोत्रे टेपचं दुसरं टोक धरून उभा.
त्याच्या आज्यानं या माळाची जाती घडवली, पाटे-वरवंटे.
बापानं शाळेचा पाया.
त्याच्या वाट्याला खडी. वीस एमएम, दहा एमएम, चुरी.
तो टेप खाली ठेवतो, उत्तरेच्या कड्याला तळहात लावतो,
गाभण म्हशीच्या कुशीला लावावा तसा.
"मॅडम, हितं नका. दगड गार हाय हितला.
मागं पाणी हाय."

एप्रिलची दुपार. बाकी माळावर चप्पल चिकटते.
मी हात लावते. मला नुसता दगड लागतो.
सुरुंगवाले गफूरभाई आले, त्यांनीही लावला,
बराच वेळ काढला नाही.
"खरंय. हितं भोक मारलं की भुगा चिखल होऊन निघतो.
मागल्या साली दोनदा झालं.
आम्ही कुणाला बोललो नाही."

खाली, बांधापलीकडं, कोंडाबाई केंद्रेंची विहीर.
माझ्याकडं तिचं अंतर आहे: दोनशे चाळीस मीटर.
नियमात बसतं.
तिच्यात पाणी कुठून येतं, याला रकाना नाही.

खोडरबर काढला.
दुसऱ्याचा तिसरा केला, तिसऱ्याचा दुसरा,
भेग सोडून रेषा बारा मीटर आत घेतली.
मग सगळंच हललं: ट्रकची वाट, मातीचा ढीग, बेरजा.
तळं लहान झालं, वाकडं,
दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखं.
बिराजदार गप्प. सोडलेल्या दगडाचे ब्रास मोजत होते.
मग म्हणाले, "विहीर आटली तर कोंडाबाई
क्रशरच्या तोंडाशी येऊन बसंल.
वळखतो मी तिला. लिहा."

काठाला करंज लिहिला, कडुलिंब, सीताफळ.
पाण्याच्या पातळीपुढं 'अंदाजे'.
तिम्मानं त्या शब्दावर बोट ठेवलं. हे काय?
वाचून दाखवलं.
"मग सगळ्यावरच लिवा की."
आणि थोड्या वेळानं,
"मी कुठं हाय ह्यात, पंधरा वर्सांनी?"

माप एकास हजार.
त्यात माणूस पेन्सिलीच्या टोकाएवढाही उमटत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

वारा सुटला तसा कागद गुंडाळायला घेतला.
कोपऱ्यावरचा दगड उचलला: काळा, कडेला पांढरी गारगोटी.
हा उत्तरेच्या कड्याचा.
टप्पा तिसरा.
तिथलं काम सुरू व्हायला अजून दहा वर्षं आहेत.