पाण्याला विचारलंस का

सहावा भाग रविवारी रात्री संपला.
राज्य गेलं, म्हातारा ड्रॅगन समुद्रात उतरला,
आणि सोमवारी मी परळला, तिसऱ्या मजल्यावर,
खुर्ची क्रमांक चारमध्ये
बेघर.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.
वर्षाचे सहाशे चोवीस.
हिशेबाला मी पक्का. पस्तीस वर्षं
महापालिकेच्या जलखात्यात नकाशे काढले,
चोवीस इंची कुठे वळते, अठरा इंची कुठे फुटते,
कुठल्या चाळीखालून गेलीय, हे कुणाला सांगायचं नाही.
आता मला दिवसाला एक लिटर पाणी मंजूर आहे,
चहा धरून.

डाव्या हातात दोन सुया, उजवा मोकळा.
त्यामुळे सातशे पानांचं धूड मी लालबागच्या बाइंडरकडून
तीन तुकडे करून आणतो.
तो दर वेळी हळहळतो,
पैसे मात्र तीन पुस्तकांचे लावतो.

आता पुढचं काय?
किंग्ज सर्कलच्या पदपथावरचा मुर्तझा म्हणाला,
बारा भाग आहेत काका, बाराच्या बारा, एकही गहाळ नाही!
बारा. सरासरी आठशे पानं.
मी गुणाकार करायला घेतला
आणि हातचा धरला तिथेच थांबलो.

दुसरी होती काळ्या कव्हरांची, देखणी.
शेजारच्या खुर्चीतली रिफत
(वय एकोणीस; बारावीनंतर इथेच ॲडमिशन मिळाली, म्हणते)
मान न वळवता बोलली,
ती नका घेऊ. शेवटचा भाग आलाच नाहीये.
अकरा वर्षं लोक वाट बघतायत.
म्हटलं, मग बघू की. मला कुठे जायचंय?
ती हसली, तिचं मशीन कोकललं,
प्रज्योत धावत आला, बटण दाबून म्हणाला,
हसा, पण हात नका हलवू.

तिसरी मुर्तझाने फुकटात गळ्यात मारली.
पाच भाग, सुतळीने आवळलेले,
पहिल्याच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी कपाचं वर्तुळ.
मी आधी नकाशा बघतो. नेहमी.
राजे, भाकितं, शापित तलवारी सगळं मग.
बोटाने पहिल्या भागाचं कव्हर उचललं
आणि माझ्यातला ड्राफ्ट्समन उठून बसला.

नदी खाडीत उगम पावते.
दलदल ओलांडते, दोन खिंडी चढते
आणि बर्फाच्या डोंगरात जाऊन मिळते!
अहो, उतार कुठाय?
पंपाशिवाय पाणी चढत नाही,
भांडुपला कुणालाही विचारा.
माझी पहिली ट्रेसिंग उकिडवेसाहेबांनी
अशीच टेबलावरून परत सरकवली होती.
ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले,
पाण्याला विचारलंस का?

मी वैतागून रिफतला पान दाखवलं.
बघ, साधी नदी काढता येत नाही,
आणि हे म्हणे जग निर्माण करणार.
तिने एक डोळा उघडला.
ते चुकलेलं नाहीये, काका.

म्हणजे?

पाचही वाचलेत मी. सांगू?

मशीनची चकती फिरत होती.
माझ्या कोपरातून निघालेली लाल नळी
छातीच्या उंचीपर्यंत चढत होती,
वळसा घेत होती,
पलीकडून खाली येत होती.
मी तिचा व्यास डोळ्यांनी मोजला. जुनी खोड.

बारा भागांची मुर्तझाला परत देईन.
काळी रिफतच्या खुर्चीवर सरकवली;
तिच्याकडे वाट बघायला वेळ आहे,
म्हणजे असावा.

सांगू का? तिने पुन्हा विचारलं.
नको, म्हटलं,
आणि सुतळीची गाठ दातांनी सोडवायला घेतली.
घट्ट होती. सुटायला बराच वेळ लागला.

मग पेन्सिल काढून
त्या उलट्या नदीच्या काठावर
एक प्रश्नचिन्ह ठेवलं,
बारीक,
खोडता येईल असं.