मालकाची सही

चोलुतेका सोडलं तेव्हा उजाडलं नव्हतं.
एकच वायपर चालू, तोही माझ्या बाजूचा नाही,
म्हणून वाकून, कुत्र्याच्या डोक्यावरून रस्ता बघत होतो.

पिनोल शेजारच्या सीटवर.
भाजलेल्या मक्याच्या पिठाचा रंग, एक कान फाटका,
ओल्या गोणपाटाचा वास.
चार दिवसांत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.
बहीण माझी होती, कुत्रा तिचा.

ऑक्टोबर. पावसाचा सातवा दिवस.
ट्रकांची रांग पुलापासून दोन मैल मागे,
ट्रकांखाली झोळ्या बांधून चालक झोपलेले,
कोरडी जागा तेवढीच.
पोरं प्लास्टिक पांघरून काचेवर थापा मारतात:
काका, कागद करून देतो. काका, रांगेत कशाला.
लेम्पिरा मोडून देणारा म्हातारा
नोटांचं पुडकं दुधाच्या पिशवीत घालून उभा.
भाव विचारला की आभाळाकडे बघतो.

फवारणीवाला आला. चाकांवर औषध मारलं,
पावसाने ते लगेच धुऊन नेलं.
दोघांनीही बघितलं.
त्याने पावती फाडली, मी पैसे दिले.

खिडकीपलीकडे मिग्दालिया, छातीवर नावाची पट्टी,
नखं पिवळी रंगवलेली, पुढ्यात शिक्क्यांची उतरंड.
लसीचा दाखला. ठीक.
तब्येतीचा दाखला, मुदत दहा दिवस, आज नववा. ठीक.
मालक: ओतिलिया सेकेइरा.
हिची सही कुठाय?

कुत्र्याचे कागद तिने आधी केले.
माझे सावकाश करू, म्हणाली फोनवर,
माझं काय, मी माणूस आहे.

ती तिकडेच राहिली, मी म्हटलं.
तिकडे म्हणजे?
मी मागे बोट दाखवलं. मागे पाऊस होता.

तिला आणायचं तर चौदा कागद सांगितले होते.
पेटीला आतून जस्ताचा पत्रा, वकील, वकिलात,
आणि वेळ, जो या उकाड्यात मेलेल्या माणसाकडे नसतो.
म्हणून ती आता खरबुजांच्या मळ्यामागे, टेकाडावर.
ज्या शेडमध्ये तीस वर्षं पेट्या भरल्या
तिचं छप्पर समोर दिसतं. चांगली जागा आहे, लोक म्हणाले.
कुत्र्याला तीन कागद पुरतात.

मिग्दालियाने पेन दाताखाली धरलं.
"मालक" तिने खोडलं नाही.
खाली बारीक अक्षरात लिहिलं: वाहक. पुढे माझं नाव.
मुक्काम?
तात्पुरता की कायम?

हाच रकाना ओतिलियानेही भरला होता,
मी तिची पिशवी धरून उभा होतो, सोळा वर्षांचा.
तात्पुरता, म्हणाली ती. एक हंगाम.
आणि कारकुनाला हसू आलं म्हणून आम्हीही हसलो.

कायम, मी म्हटलं.
ओल्या कागदावर शाई उमटेना.
तिने तिथेच तीनदा गिरवलं, कागद जरा फाटला,
फाटलेल्या जागेवरच शिक्का मारला.

पुलाखाली ग्वासाउले गढूळ, फुगलेली.
केळीचे अख्खे खुंट वाहत होते,
एक दार वाहत होतं, कडी लावलेलं.
मधोमध पिनोल उठला.
वाटलं, आता भुंकेल.
तो नुसता वळला, मधल्या फटीतून मागच्या सीटवर गेला,
मागच्या काचेला नाक लावून बसला.

सोमोतिओच्या अलीकडे गाडी कडेला घेतली.
तिच्या हातची शेवटची कडबोळी होती पिशवीत,
मक्याची, चीज घालून भाजलेली. त्याच्यापुढे धरली.
नको.
मीच खाल्ली. सादळली होती.

काच त्याच्या श्वासाने धुरकट झालेली.
बाहीने पुसून दिली.
चिनानदेगापर्यंत आणखी चारदा थांबलो,
दर वेळी पुसून दिली.