अबोली म्हणजे कुठला

वर्की फायनल एक्झिटवर गेला
आणि खिडकीत नऊ कुंड्या ठेवून गेला,
चहाच्या कपाएवढ्या.
प्रत्येकीत आइस्क्रीमची काडी, काडीवर नाव.
सोहारच्या जूनने
नावं चाटूनपुसून नेली.

आता नऊही सारखे:
मूठभर हिरवं, वर पांढरी लव,
आणि चुकून हात लागला
तर शिफ्ट संपेपर्यंत बोटात कुसळ.

फुलू दे, तो फोनवर म्हणाला.
फुलल्याशिवाय मलाही ओळखू यायचे नाहीत.
फोटो नको पाठवू, मोतीबिंदू उतरलाय.
तू रंग सांग.

फेब्रुवारीत पहिल्याने डोक्याभोवती
फुलांचं कडं धरलं.
राणी, मी म्हणालो.
राणी?
माझे वडील येवल्याच्या दुकानात
गादीवर बसून पैठण्या उलगडायचे,
रंग मी तिथे शिकलो.
म्हणजे पिंक?
पिंक नव्हे रे. पिंक भांडून माहेरी आली, तर तो.
तो खोकेपर्यंत हसला.
मॅमिलारिया, म्हणाला. लिही.
आणि या वेळी पेन्सिलने लिही,
शिसं उन्हाला भीत नाही.

दुसरा पातळ ताकाचा, किंचित पिवळट. तोही मॅमिलारिया,
लांब बोटांचा असेल तर.
बोटं मोजली. होता.

तिसरा अबोली.
अबोली म्हणजे कुठला?
इथे आमचं हिंदी संपलं.
मी म्हणालो, गजऱ्यात असते,
वास नसतो,
सुकली तरी रंग सोडत नाही.
पलीकडे पंख्याची घरघर, कोंबडा,
मग एकदम: कनकांबरम्!
आई माळायची माझी.
आणि बराच वेळ
कुंडीचं नाव सांगायचं विसरला.

मग मी विचारलं त्या लालभडक फुलाचं,
वर्ष झालं, एक पाकळी गळली नाही.
ते हायपरमार्केटचं, तो म्हणाला.
सुकवलेलं फूल, गरम गोंदाने चिकटवलंय.
ओढू नकोस, साल निघेल सोबत.
तुला माहीत होतं?
घेतानाच. बायकोला फोटो पाठवायचा होता,
की वाळवंटातही फुलतं.

एप्रिल सरला. खाडीकडून दमट वारा,
काचेला घाम.
आठ काड्यांवर पेन्सिल,
तिसरीच्या मागच्या बाजूला
कनकांबरम्, माझ्या अक्षरात, देवनागरीत.

शुक्रवारी फोन येतो.
नववा?
अजून हिरवाच, मी सांगतो.

कुठला हिरवा, वर्की विचारतो.