खिशातलं काढून ठेवा

काउंटीच्या कचेरीला आधी नुसतं दार होतं.
पितळी कडीचं, जड. थंडीत अडकायचं,
खांदा लावावा लागायचा.
आता ते आपोआप उघडतं
आणि आत मी उभा असतो.

मार्चपासून. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण,
निळा शर्ट, पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'सुरक्षा',
आणि ही चौकट,
जिला ना दार, ना भिंत, ना पलीकडे घर.
तिच्यातून जायचं. बस, एवढंच.

"खिशातलं काढून ठेवा," मी म्हणतो
वाइनो लाहतीला. एकवीस वर्षं
लोखंडाच्या खाणीत शेजारी बसून आम्ही डबा उघडला.
तो माझ्याकडे बघतो, मग ट्रेकडे,
आणि एकेक वस्तू मांडत जातो, दुकान लावल्यासारखी:
किल्ल्या, चाकू, मासे धरायचे दोन गळ,
तंबाखूची डबी, एक दात.
"कुणाचा रे?"
"माझाच. डॉक्टरनं परत दिला.
जमा करून घेतोस का?"

लोक कारण विचारतात.
कुठल्याशा दुसऱ्या काउंटीत, कुठल्याशा खिडकीपाशी
कुणीतरी काहीतरी केलं.
परिपत्रकात त्याला 'घटना' म्हटलंय.
त्याहून जास्त मलाही सांगितलेलं नाही.

लेम्पी राउतिओ आली कुत्र्याचा परवाना काढायला.
चौकट किंचाळली. कमरेत पोलादाचा सांधा आहे,
गावाला ठाऊक आहे, यंत्राला कोण सांगणार.
"हात वर," मी म्हणालो.
तिसरीच्या वर्गात हे ती मला म्हणायची.
तिनं हात वर केले, मिटेनसकट,
आणि मी तिच्या कोटाच्या कडेनं कांडी फिरवताना
छताकडे बघत राहिली,
फळ्यावरचं गणित कुणाला येतंय याची वाट बघावी तशी.

भानगड चाकूंची झाली.
इकडे चाकूशिवाय बाहेर पडलेला माणूस
म्हणजे विजार विसरलेला माणूस.
नियम असा: गाडीत ठेवून या,
नाहीतर या पेटीत टाका, परत मिळणार नाही.
पहिला आठवडा लोक निमूट गाडीपर्यंत गेले.
मग सरोवराकडून वारा सुटला, उणे वीस,
आणि पायरीशेजारच्या बर्फाच्या ढिगात
चाकू खोचून लोक आत येऊ लागले.
मी काचेतून बघायचो. काही बोललो नाही.
बाहेर पडताना कुणाला सापडायचा, कुणाला नाही,
मधेच नांगर येऊन बर्फ सरकवून जायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात ढीग खचला.
चिखलात, सिगारेटच्या थोटकांत, चौदा चाकू.
शर्टाच्या आत दडवून घरी नेले,
पुसले, तेल दिलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर रांगेत ठेवले.
मूठ बघितली की माणूस कळतो.
भूर्जाची, अंगठ्यापाशी झिजलेली: तोइवो.
शिंगाची, तडा गेलेली, तांब्याच्या तारेनं आवळलेली: बेकरीवाला रॉय.
शनिवारी गाडी काढून घरोघर देऊन आलो.
आभार कुणी मानले नाहीत. कॉफी पाजली.
वाइनो म्हणाला, "म्हणजे आता तू
चाकू घेऊन लोकांच्या दारात यायला लागलास."

सकाळी आठच्या आधी मलाही जावं लागतं चौकटीतून.
दिवा लाल होतो.
डाव्या खांद्यात ड्रिलची एक कपची आहे, खाणीतली.
नोंदवहीत रोज लिहितो: एक इसम, तपासला, सोडला.

तेरा चाकू पोचले.
चौदाव्याची मूठ प्लास्टिकची, काळी, नवीकोरी,
पातं इथल्या कामाचं नाही;
ना मासा सोलायला, ना दोर कापायला.
बेकरीत दाखवला, बंदरावर दाखवला.
कुणाचा नाही.

तो माझ्या खणात आहे.
आणि हल्ली दार उघडलं की
मी चेहऱ्याच्या आधी हात बघतो.
प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं,
तेव्हा काही केल्या जमत नव्हतं.